जुन्या ८ मिमी प्रोजेक्टरवर रीळाला चरा पडतोय, काय करावं?

गोदाकाठ

मंडळी, थोडी मदत हवी आहे. माझे थोरले काका १९६० च्या दशकात जर्मनीत नोकरीला होते, तिथे त्यांनी ८ मिमीचा मूव्ही कॅमेरा आणि युमिगचा पी ८ प्रोजेक्टर घेतला आणि परत येताना दोन्ही नाशिकला आणले. घरातल्या मुंजी, लग्नं, गोदावरीचा पूर, सराफ बाजार, अंगणात कुरडया घालणारी आजी, सगळं त्यांनी टिपून ठेवलंय. काकूंनी आता ती ट्रंक माझ्या स्वाधीन केली. रीळं बहुतेक ५० फुटी, पत्र्याच्या डब्यांत, वर काकांच्या अक्षरात तारखा.

प्रोजेक्टर चालतो, दिवा लागतो. गणपतीत चुलतभावाने हौसेने एक रीळ लावलं. आजी दिसली आणि तिच्या चेहऱ्यावरून वरपासून खालपर्यंत एक काळी उभी रेघ. दोनेक मिनिटं झाली तरी रेघ त्याच जागी, मग मी बंद करायला लावलं आणि फिल्म उलटी गुंडाळून ठेवली. भिंगाखाली पाहिलं तर फिल्मवर खरंच चरा आहे.

हा चरा जुनाच आहे की आमच्या मशीनने आत्ता पाडला हे कसं ओळखायचं? आणि बाकीची रीळं लावायच्या आधी मशीनचं नेमकं काय काय करायचं? दिवाळीला सगळी भावंडं जमणार आहेत, त्यांना दाखवायची फार इच्छा आहे. पण त्या फिल्मची दुसरी प्रतच नाही जगात, त्यामुळे हात लावायला भीती वाटते.

सातारी_कंदी

धागा भारी. रुमाल टाकून जागा धरून ठेवतो.

बिनधास्त_बंडू

एवढं कशाला डोकं लावता राव, एकदा भिंतीवर लावा, मोबाईलने शूट करा, व्हॉट्सॲपवर टाका, विषय संपला :)

रीळवेडा

बंडूभाऊ, त्या एका वेळेतच तर अख्ख्या रीळाला चरा पडेल ना. आणि मोबाईलने भिंतीवरचं घेतलं की चित्र फडफडतं, कडा काळवंडतात, रंग जातात ते वेगळंच.

गोदाकाठ, पहिली गोष्ट म्हणजे आता एकही रीळ लावू नका. दुसरी गोष्ट, तुम्ही अर्ध्यावर बंद केलंत हे फार बरं झालं, कारण पुरावा तिथेच आहे. ५० फुटांचं रीळ सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने साधारण चार मिनिटं चालतं, म्हणजे जवळजवळ निम्मं रीळ तुमच्या मशीनमधून गेलेलंच नाही. स्वच्छ टेबलावर धुतलेली सुती चादर अंथरा, फिल्म फक्त कडांना धरा आणि हाताने उलगडत पुढे जा. टॉर्चचा उजेड तिरपा पाडा म्हणजे चरा चमकतो. चरा शेवटपर्यंत असेल तर तो जुना, काकांच्या वेळचा. मधेच तुटल्यासारखा थांबत असेल तर तुमच्या मशीनने पाडलाय.

मंजिरी_

एक बाळबोध शंका. जुन्या फिल्मला आग लागते ना? २००३ मध्ये पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली होती ते आठवतंय. घरात अशी ट्रंक ठेवणं सुरक्षित आहे का? माझ्या माहेरीपण अशी रीळं आहेत म्हणून विचारते.

रीळवेडा

मंजिरीताई, ती नायट्रेट फिल्म होती, पटकन पेट घेणारी, जुनी ३५ मिमीची. घरगुती ८ मिमी १९३२ साली कोडॅकने आणली तेव्हापासूनच ॲसिटेटवर येते, तिला सेफ्टी फिल्म म्हणतात. ती दिव्यासमोर अडकून राहिली तर वितळते, फोड येतो, पण भडका उडत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का तेवढं बघा. येत असेल तर ॲसिटेट कुजायला लागलंय, फिल्म आक्रसते, भोकं मशीनच्या पंजाला, म्हणजे फिल्म फ्रेमफ्रेमने ओढणाऱ्या दात्याला, नीट बसत नाहीत. असलं रीळ प्रोजेक्टरवर लावायचंच नाही आणि बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं, कारण ती वाफ शेजारच्या रीळांनाही नासवते.

मंजिरी_

बापरे. आईला उद्याच फोन करते.

दूरदेशी

गोदाकाठ, तुमच्या पोस्टमध्ये एक फार कामाची गोष्ट आहे, रेघ काळी होती. फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत प्लास्टिकची, म्हणजे बेस, आणि दुसरी मंद, जिच्यावर चित्र असतं ते इमल्शन. बेसवर चरा पडला की तिथून उजेड इकडेतिकडे फाकतो, लेन्सपर्यंत पोचत नाही, म्हणून पडद्यावर काळी रेघ दिसते. इमल्शन खरवडलं गेलं तर रंगच जातो. कॅमेऱ्यातल्या रंगीत रिव्हर्सल फिल्मवर, म्हणजे निगेटिव्ह न होता जिच्यावर थेट चित्र उमटतं तिच्यावर, वरचा पिवळा थर आधी जातो म्हणून रेघ निळसर दिसते, आणखी खोल गेलं की पांढरी. काळी रेघ म्हणजे चित्र अजून शाबूत आहे. बेसवरचा चरा चांगल्या लॅबमध्ये द्रवात बुडवून स्कॅन केला की बहुतेक दिसेनासा होतो, कारण तो द्रव चऱ्यात भरतो आणि उजेड सरळ जातो. वेट गेट म्हणतात त्याला. इमल्शनच्या चऱ्याला असा उपाय नाही.

खुडबुड्या

मी जुनी यंत्रं दुरुस्त करतो, घड्याळं, ग्रामोफोन, आणि आता ओळखीतून प्रोजेक्टरही येतात. दहातल्या आठ वेळा रोग एकच असतो, गेटमधली घाण. गेट म्हणजे दिव्यासमोर फिल्म जिथून सरकते ती जागा.

लेन्सचं दार बाजूला केलं की दोन पट्ट्या दिसतील, मधे चौकोनी खिडकी. एका बाजूला स्प्रिंगची प्रेशर प्लेट असते, ती फिल्म दाबून धरते. नीट बघितलंत तर पट्टीचा मधला भाग किंचित खोल असतो, म्हणजे फिल्म फक्त दोन्ही कडांवर टेकते आणि चित्र कशालाच घासत नाही. वर्षानुवर्षं फिल्मचं इमल्शन झडून, धूळ आणि वाळलेलं तेल मिसळून त्या खोल भागात काळपट कडक कण बसतात. तो कण कडेच्या पातळीवर आला की झालं, प्रत्येक फ्रेम त्याच्यावरून खरवडत जाते. म्हणून रेघ उभी आणि एकाच जागी.

काढायची पद्धत: वायर काढा, दिवा थंड होऊ द्या. आधी मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर. मग कानातली कापसाची काडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, पट्ट्या पुसा, मोबाईल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात तेच. काडी काळी झाली की फेकून नवी घ्या, तीच परत फिरवू नका. कडक कण नुसत्या पुसण्याने निघत नाही, त्यावर आयपीएचा थेंब मिनिटभर ठेवा आणि बांबूच्या काडीने, टूथपिक चालेल, हलकेच उचला. स्क्रू ड्रायव्हर, ब्लेड, सुई, पॉलिश पेपर अजिबात नको. पट्टीवर एक ओरखडा पडला तर तो ओरखडा पुढच्या प्रत्येक रीळावर उमटत राहील. शेवटी भिंग घेऊन बघा की कापसाचा तंतू अडकलेला नाही ना.

जुनं_ते_सोनं

खुडबुड्यांनी छान सांगितलंय. माझे वडील गेटच्या पट्टीवर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचे, फिल्म लोण्यासारखी सरकायची. तेही करून बघा.

खुडबुड्या

दादा, वडिलांबद्दल पूर्ण आदर, पण याला माझा ठाम विरोध आहे. तेल गेटमध्ये गेलं की दिव्याच्या उष्णतेने पातळ होऊन फिल्मवर पसरतं, त्याला धूळ चिकटते आणि ती धूळच पुढे चरा पाडते. शिलाई मशीनचं तेल मोटरच्या बेअरिंगला, तेही थेंबभर. फिल्म जिथे टेकते तिथे काहीही ओलं राहता कामा नये. आणि ते निळ्या-पिवळ्या डब्यातलं गंज काढायचं स्प्रे कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो, ते तर मुळीच नको.

जुनं_ते_सोनं

अहो पण घराघरांत तसंच चालायचं की तेव्हा. रीळं आजही आहेत आमच्याकडे.

दूरदेशी

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. वाळलेली फिल्म कोरड्या गेटमधून जाताना जास्त घासते हे खरंच, पण वंगण फिल्मला द्यायचं असतं, गेटला नाही. त्यासाठी फिल्म साफ करायची खास द्रव्यं मिळतात, मऊ कापडावर घेऊन त्यातून फिल्म हळू ओढायची, धूळ निघते आणि अगदी पातळ थर राहतो. इकडे अमेरिकेत सहज मिळतं पण ज्वलनशील द्रव विमानाने पाठवायची भानगड मोठी आहे, त्यामुळे भारतात मिळवणं कटकटीचं. फिल्मवर साउंडची पट्टी असेल तर कुठलंही द्रव लावायच्या आधी टोकाला करून बघा, काही द्रवांनी ती पट्टी सुटते.

सातारी_कंदी

विषय निघालाच आहे म्हणून. माझे आजोबा टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू लागायचे, थंडीत लोक घोंगडी घेऊन बसायचे, बायका एकीकडे पुरुष एकीकडे. प्रिंट त्यांच्याकडे यायची तीच मुळी सगळा जिल्हा फिरून, पडद्यावर नुसता पाऊस पडायचा. आजोबा सांगायचे, नवी कोरी प्रिंट आली तर उलट जास्त काळजी, तिचं इमल्शन ओलसर मऊ असतं, गेटला चिकटतं आणि तिथे साका धरतो. मग ते दोन्ही कडांना, भोकांच्या रांगेवर, मेण फिरवून घ्यायचे. आणि प्रत्येक रीळ संपलं की दुसरं लावायच्या आधी गेटवरून ब्रश. खेळ थांबला, पब्लिकने शिट्ट्या मारल्या, तरी ब्रश फिरवल्याशिवाय रीळ चढवायचं नाही असा त्यांचा दंडक होता.

मंजिरी_

सातारी, यावर वेगळा धागा काढा ना प्लीज. तंबूतल्या सिनेमावर वाचायला खूप आवडेल.

बिनधास्त_बंडू

मंजिरी +१. आणि मला आत्ता कळलं की ८ मिमीच्या रेघेसाठी एवढी मंडळी रात्री बारा वाजता जागी आहेत, हसून हसून पुरेवाट. पण वाचतोय हां, वाचनखूण साठवली.

आंबोळी

आमच्याकडे मालवणला वेगळीच तऱ्हा. चरे सोडा, पावसाळ्यात बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे डाग दिसतात, ती जिलेटीन खाते. अशी फिल्म पाण्याने किंवा ओल्या कपड्याने पुसायची नाही, बुरशीने खाल्लेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं, चित्रच पुसलं जाईल. आणि बाजारात आयपीए मागितलं की पुष्कळदा ७० टक्केवालं देतात, जखमेचं. त्यात तीस टक्के पाणी असतं, फिल्मला ते चालत नाही. ९९ टक्केवालंच मागा. आमच्या नात्यातल्या एकांनी डबे प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवले होते, उघडले तर नुसता आंबट वास. हवा लागू दे थोडी, पण ओल नको, कपाट आतल्या भिंतीला असू दे, बाहेरच्या नको.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रीळवेडा, तुम्ही म्हणालात तसं चादर अंथरून उलगडून पाहिलं. चरा एका जागी थांबतो आणि पुढचं निम्मं रीळ स्वच्छ आहे. म्हणजे आमच्याच मशीनने पाडला. फार वाईट वाटलं, पण उरलेली रीळं वाचली हे नशीब. आंबट वास कुठल्याच डब्याला नाही.

खुडबुड्यांच्या सांगण्याप्रमाणे गेट साफ केलं. प्रेशर प्लेटच्या खालच्या टोकाला खरंच एक काळा कण होता, बांबूच्या काडीने निघाला. आता चाचणी कशावर घेऊ? माझ्याकडे टाकाऊ फिल्म नाही.

दूरदेशी

लीडर वापरा, रीळाच्या सुरुवातीला जोडतात ती चित्र नसलेली पट्टी. नाहीतर ऑनलाइन जुन्या बाजारात ८ मिमीची कार्टूनची रीळं स्वस्तात मिळतात. काळपट फिल्म असेल तर उत्तम, तिच्यावर नवा चरा पटकन दिसतो.

घेताना भोकं मात्र बघून घ्या. साध्या ८ मिमीची भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतात, सुपर ८ ची बारीक आणि फ्रेमच्या मध्यावर. सुपर ८ १९६५ ला आलं, पी ८ हे त्याच्या आधीच्या साध्या ८ चं मशीन आहे. चुकून सुपर ८ लावली तर पंजा भोकं फाडत जाईल. काकांच्या ट्रंकेत १९६५ नंतरची रीळं असतील तर तीही एकदा तपासा.

गोदाकाठ

कार्टूनचं एक रीळ मिळालं, साधं ८ च आहे. चालवलं. रेघ आधीपेक्षा फिकट आहे पण आहेच, त्याच जागी. गेट तर आरशासारखं स्वच्छ दिसतंय. आता?

रीळवेडा

मग चोर गेटच्या बाहेर आहे, आणि तोही गेटच्या आधी. विचार करा, फिल्म वरून येते, गेटमधून जाते, मग खालच्या रीळावर गुंडाळली जाते. चरा गेटच्या पुढे कुठे पडत असता तर पहिल्या खेपेला पडद्यावर दिसलाच नसता, दुसऱ्या खेपेला दिसला असता. तुम्हाला पहिल्याच खेपेला दिसला.

आता असं करा. कार्टूनची फिल्म जिच्यावर अजून चरा नाही अशा भागापासून लावा, थोडी चालवा आणि मशीन बंद करा. फिल्म न काढता तिच्यावर मार्करने खुणा करा: जिथे वरच्या रीळावरून सुटते तिथे एक, प्रत्येक रोलरवर एक, दात्याच्या चाकावर एक, गेटच्या तोंडाशी एक. मग अलगद काढा आणि भिंगाने बघा की चरा कुठल्या खुणेपासून सुरू होतो. तिथेच रोग. चरा बेसवर आहे तेव्हा बेसच्या बाजूने टेकणारे भाग आधी बघा.

खुडबुड्या

रीळवेडांची ही पद्धत एक नंबर. माझा अंदाज एखादा रोलर जाम असणार. रोलर फिरत असेल तर फिल्म त्याच्यावरून लोळत जाते, जाम असेल तर घसटत जाते. बोटाने प्रत्येक रोलर फिरवून बघा, कुठला कुरकुरतो ते लगेच कळेल. आणि गेटच्या वर-खाली फिल्मची जी सैल कमान असते ती पुरेशी ठेवा. कमान आखडली की पंजाच्या प्रत्येक झटक्याला फिल्म ताणली जाते, मग चरेही पडतात आणि भोकंही फाटतात.

जुनं_ते_सोनं

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो. एवढी तपासणी झाल्यावर तरी ही रीळं प्रोजेक्टरवरच बघा. मूळ फिल्ममधून आलेला उजेड, यंत्राची खरखर, तो रंग, कंप्युटरवर ती मजा नाही. काकांनी ती कपाटात ठेवायला काढली नव्हती.

रीळवेडा

दादा, मजा मलाही मान्य आहे, माझ्याकडे स्वतःचे दोन प्रोजेक्टर आहेत. पण क्रम असा हवा की आधी स्कॅन, मग खेळ. कितीही साफ मशीन असलं तरी ही फिल्म पन्नास-साठ वर्षांची आहे, जुने जोड सुटतात, दिव्यासमोर अडकली तर एका सेकंदात फ्रेम जळते. स्कॅन झालं असेल तर हात थरथरणार नाहीत.

मंजिरी_

मला दोघांचं पटतंय. आमच्याकडे नेमकं उलटं झालं, भावाने रीळं शहरातल्या एका दुकानात डिजिटल करायला दिली, त्यांनी जुन्या प्रोजेक्टरवर चालवून कॅमेऱ्याने घेतली आणि परत आली ती चऱ्यांनी भरलेली. स्कॅन म्हणजे स्कॅनच हवं.

गोदाकाठ

सापडलं!! मार्करच्या खुणा केल्या. चरा गेटच्या तोंडापासून नाही, त्याच्या वरच्या छोट्या रोलरपासून सुरू होत होता. तो रोलर बोटाने ढकलला तरी फिरत नव्हता. स्क्रू काढून बाहेर घेतला तर आसावर ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं आणि मधल्या खोलगट भागात ग्रीस-धुळीचा कडक गोळा, त्याच्याच टोकाने फिल्म खरवडली जात होती. आयपीएत भिजवून बांबूच्या काडीने साफ केला, आसाला थेंबभर तेल, बाहेर आलेलं पुसून काढलं, परत बसवला. आता फुंकर मारली तरी फिरतो. कार्टूनचा न चालवलेला भाग चालवला, भिंगाने शेवटपर्यंत पाहिला, एकही नवा चरा नाही. काकूंना फोन करून सांगितलं, त्या फोनवरच रडायला लागल्या.

तर ठरलं असं की आधी सगळं स्कॅन करून घ्यायचं. दिवाळीला मूळ रीळांतली एक-दोनच मशीनवर लावू, ज्यांचे जोड मजबूत आहेत ती. बाकीचं टीव्हीवर. दोन शेवटचे प्रश्न: रीळ चालवल्यावर परत गुंडाळताना काही काळजी? आणि स्कॅनवाल्याला नेमकं काय विचारायचं?

दूरदेशी

गुंडाळताना फिल्म गेटमधून उलटी नेऊ नका, थेट रीळावरून रीळावर घ्या, हळू आणि एकसारख्या ताणाने. सैल गुंडाळलं गेलं म्हणून टोक धरून खेचायचं नाही, त्याने वेटोळी एकमेकांवर घासतात आणि सगळीकडे बारीक तुटक चरे पडतात. प्रत्येक रीळाला सुरुवातीला चार-पाच फूट नवा लीडर जोडा म्हणजे मशीनमध्ये घालायची सगळी ओढाताण लीडरवर जाईल.

खुडबुड्या

आणि खालच्या रीळाची ओढ बघा, पट्टा ढिला असेल तर फिल्म जमिनीवर सांडते आणि धूळ घेऊनच वर चढते.

सातारी_कंदी

अभिनंदन गोदाकाठ! आणि प्रत्येक रीळानंतर ब्रश, आजोबांची आज्ञा समजा.

रीळवेडा

स्कॅनवाल्याला पहिलं हे विचारा की तुमच्या मशीनमध्ये फिल्म दात्यांवर चालते की नुसत्या रोलरवर. रोलरवरचं असेल तर आक्रसलेल्या, फाटक्या भोकांच्या फिल्मलाही धोका कमी. दुसरं, प्रत्येक फ्रेमचा वेगळा फोटो निघतो का. प्रोजेक्टर लावून कॅमेऱ्याने घेणार असतील तर नमस्कार करून बाहेर पडा. चरा पडलेलं रीळ वेगळं काढून द्या आणि वेट गेटची सोय आहे का विचारा, चरा बेसवर आहे तेव्हा आजीच्या चेहऱ्यावरची रेघ तिथे जवळपास निघून जायला हवी. वेग १६ फ्रेमचा ठेवायला सांगा, २४-२५ वर केलं की माणसं पळत सुटल्यासारखी दिसतात. रंग सुधारलेली फाईल घ्याच, पण जशी निघाली तशी मूळ फाईलही मागा आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. स्कॅन झालं म्हणून रीळं टाकून देऊ नका, पुढे याहून चांगलं स्कॅन होईल तेव्हा तीच लागतील. द्यायला आणि आणायला स्वतः जा, कुरियर नको, आणि परत घेताना डबे उघडून कुठलं रीळ कुठल्या तारखेच्या डब्यात आहे ते तिथेच ताडून बघा.